खुंटीवरची किल्ली

मध्यमवर्गीय घर हे मोठे सावध घर असते. काडेपेटी मुलांच्या हाती लागू नये म्हणून ती वरच्या फळीवर ठेवायची, औषधांच्या बाटल्या कपाटात कुलूपबंद करायच्या, विळीचे काम झाले की तिचे पाते मिटवून ती भिंतीकडे सरकवायची, हे नियम आपल्या आज्या-पणज्यांपासून चालत आले आहेत. घरात वीज आली तेव्हा ओल्या हाताने बटण दाबू नये हा नियम त्यांत भरीला पडला. गॅस आला तेव्हा रात्री झोपण्यापूर्वी तोटी बंद करण्याचा पडला. परंतु या सर्व वस्तूंनी मिळून जितकी माणसे दगावत नसतील तितकी जिच्यामुळे दगावतात, ती एक वस्तू मात्र आपण दारामागच्या खुंटीवर, चौदा वर्षांच्या मुलाचा हात सहज पोचेल अशा उंचीवर, देवाचे चित्र असलेल्या छल्ल्यात अडकवून ठेवतो. ती वस्तू म्हणजे फटफटीची किल्ली.

मी राहतो ते लोहारा हे यवतमाळला लागून असलेले गाव. 'लागून' हा शब्द मी जुन्या सवयीने वापरला, एवढेच. पूर्वी शहर संपले की शेते लागत, आणि शेते संपली की लोहारा लागे. आता शहर कोठे संपते आणि लोहारा कोठे सुरू होते हे नवख्या माणसाला कोणी सांगितल्याशिवाय कळायचे नाही. दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्याने शहर हळूहळू चालत आमच्या दारापर्यंत आले. औद्योगिक वसाहत झाली, घरांच्या रांगा झाल्या, दुकाने झाली. सकाळी शाळा-कॉलेजला जाणारी मुले, कारखान्यांच्या पाळीला जाणारे कामगार, दुधाचे कॅन अडकवलेले गवळी, श्रावणी सोमवारी कमलेश्वराच्या दर्शनाला निघालेले भाविक, एस.टी., ट्रक, ट्रॅक्टर आणि ऑटोरिक्षा या साऱ्यांना तो एकच रस्ता. त्या रस्त्याकडे तोंड करून बसण्याचा उद्योग निवृत्तीनंतर माझ्या वाट्याला आला आहे, आणि वर्तमानपत्रापेक्षा तो रस्ताच मी अधिक वाचतो.

माझ्या लहानपणी या रस्त्याचा राजा म्हणजे बंडी. इतर प्रांतांतल्या वाचकांसाठी सांगतो, आम्ही वऱ्हाडातली माणसे बैलगाडीला बंडी म्हणतो. दिवाळी झाली की कापसाचा हंगाम भरात येई आणि पांढऱ्याशुभ्र कापसाने शीग लावलेल्या बंड्यांची रांग रात्रभर यवतमाळच्या बाजाराकडे सरकत राही. प्रत्येक बंडीखाली, दोन चाकांच्या मध्ये, आसाला एक कंदील टांगलेला असे. अंधारात बंडी दिसत नसे, बैल दिसत नसत. फक्त जमिनीपासून हातभर उंचीवर एकामागे एक झुलत जाणारे ते पिवळे ठिपके दिसत.

त्या कंदिलाचे मला मोठे नवल वाटे. कारण तो लावणाऱ्या बंडीवाल्याला त्याच्या उजेडाचा काडीचाही उपयोग नव्हता. त्याला पुढचे काही दिसत नसे, मागचे पाहण्याची गरज नसे, आणि रस्ता तर बैलांना पाठच होता; बंडीवाला खुशाल कापसावर पाय पसरून घोरत असे. मग घासलेट जाळायचे कशासाठी? मी एकदा आमच्याकडच्या म्हाताऱ्या गड्याला हे विचारले. तो म्हणाला, "तो आपल्यासाठी नाही रे बाप्पा. मागून येते त्याच्यासाठी आहे."

कंदील लावण्याचा सरकारी नियम होता, न लावला तर दंड होता, हे मला पुढे कळले. परंतु त्या गड्याने मला नियम सांगितला नाही, दंडही सांगितला नाही. ज्याचे नाव-गाव ठाऊक नाही, जो कदाचित येणारही नाही, अशा मागच्या माणसासाठी आपण आपले घासलेट जाळायचे असते, एवढेच त्याने सांगितले. रस्त्याच्या सुरक्षिततेवर आजवर मी पुष्कळ भाषणे ऐकली, पुष्कळ फलक वाचले. त्या एका वाक्याच्या पलीकडे कोणी गेलेले मला आढळले नाही.

बंडीचे आणखी एक वैशिष्ट्य होते. तिच्यात तीन डोकी असत, एक माणसाचे आणि दोन बैलांची. माणसाचे डोके झोपले, रागावले, किंवा क्वचित बाजारातून परतताना थोडे 'घेऊन' आले, तरी उरलेली दोन डोकी शुद्धीवर असत. बैल भिंतीवर जाऊन आपटत नाही. पुढ्यात पोर आले तर थबकतो. अंधारात खड्डा आला तर हुंगून बाजूला होतो. फटफटीला हे काही येत नाही. तिच्यात डोके एकच, आणि तेही चालवणाऱ्याने बरोबर आणले असेल तर. आपण बैल सोडून यंत्रावर बसलो तेव्हा वेग वाढला हे सर्वांच्या ध्यानात आले. दोन डोकी कमी झाली हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही.

वेगाचा हिशेब तसा सोपा आहे. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात १० मीटर जाते. ताशी ७२ ने जाणारी २० मीटर. चालवणाऱ्याने खिशातला मोबाइल काढून 'कोणाचा बरे फोन' म्हणून दोन सेकंद पाहिले, की या दुसऱ्या गाडीने ४० मीटर रस्ता डोळे मिटून कापला असे समजावे. चाळीस मीटरांत आमच्या सात-आठ बंड्या बैलांसकट एकामागे एक उभ्या राहतील. शिवाय वेग दुप्पट झाला म्हणजे धक्का दुप्पट होत नाही, चौपट होतो. आणि ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतरही सुमारे चौपट होते. हे गणित शाळेत सर्वांनी केलेले असते. उत्तर वहीत बरोबर येते आणि रस्त्यावर चुकते.

आणि ते किती वेळा चुकते? केंद्र सरकारनेच प्रसिद्ध केलेला आकडा आहे. सन २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. म्हणजे दर तासाला सुमारे १९. त्यांतली शेकडा ४४ हून अधिक माणसे दुचाकीवरची होती. दुचाकी म्हणजे तुमच्या-माझ्या घरातली गाडी. हे मरण विमानाने येत नाही, बोटीने येत नाही. ते आपल्या अंगणात पाय टेकून उभे असते.

आता माझ्या मनात जे आहे ते सांगतो. रस्त्यावरचा अपघात म्हटला की आपण लगेच रस्त्यावर जातो. खड्डा होता का, दिवा होता का, पोलीस कोठे होता, समोरचा प्यायलेला होता का? हे प्रश्न खरेच आहेत आणि ते विचारलेच पाहिजेत. खड्डे बुजवणे नगरपालिकेचे काम आहे, आणि तिला ते पुन्हा पुन्हा सांगणे हे आपले. परंतु रस्त्यावर बसून इतकी वर्षे पाहिल्यावर माझे असे मत झाले आहे, की पुष्कळसे अपघात रस्त्यावर घडत असले तरी ते सुरू होतात घरात. घरात बसलेली माणसेही गाडी चालवत असतात.

कशी, ते पाहा. नवरा कामावरून निघालेला असतो. घरून फोन जातो, "निघालात का?" दहा मिनिटांनी पुन्हा, "कुठवर आलात?" तो बिचारा मान वाकडी करून, खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन दाबून, एका हाताने गाडी हाकत सांगतो, "हा काय, आलोच!" विचारणारीच्या पोटात माया असते, पण ती माया त्या क्षणी त्याचे अर्धे लक्ष रस्त्यावरून काढून घेते. सकाळी मुलाला शाळेला उशीर झाला म्हणून आई त्याच्या बापाला म्हणते, "जरा जोरात घ्या हो!" नव्या सुनेला माहेरी सोडायचे असते, दोघे, मांडीवर बाळ आणि पुढे टाकीवर थोरला असे चौघे एका गाडीवर निघतात, आणि दारात उभे राहून सगळे घर कौतुकाने हात हलवते. हेल्मेट घरात असते. पण बाप ते कोपरात अडकवून निघतो, कारण डोक्यावरचे केस विस्कटतात. कायद्याने चार वर्षांवरच्या प्रत्येकाच्या डोक्यावर ते हवे, पुढच्याच्या आणि मागच्याच्याही. नसले तर १,००० रुपये दंड. आमच्याकडे ते पोलिसाला घालतात. तो दिसला की डोक्यावर, वळण ओलांडले की कोपरात. कोपराला इजा झालेला माणूस मी फारसा पाहिलेला नाही.

आणि मग ती किल्ली.

माझी थोरली बहीण दिग्रसला असते. तिचा धाकटा मुलगा अकरावीला यवतमाळात शिकायला आला आणि दोन वर्षांसाठी आमच्याकडे राहिला. कॉलेज शहरात, क्लास शहराच्या दुसऱ्या टोकाला. वय सोळा. पहिल्याच आठवड्यात त्याने जेवताना विषय काढला, "मामा, तुमची गाडी दिवसभर उभीच असते ना?" मी म्हटले, "असते. तिला उभे राहण्याची सवय आहे." तो हसला नाही. मामीने त्याच्या पानात आणखी एक भाकरी वाढली आणि विषय तेवढ्यापुरता मिटला.

परंतु तो मिटणारा विषय नव्हता. त्याच्या वर्गातली निम्मी मुले गाडीवर येत. क्लाससमोर संध्याकाळी गाड्यांची अशी दाटी होई की तो क्लास नसून गाड्यांचे दुकान असावे असे वाटे. आणि त्यांतल्या कित्येकांचे मालक अजून ओठावर मिसरूड फुटायची वाट पाहत होते. आमचा भाचा सायकलवर जाई. चार दिवसांनी ताईचा फोन आला. "सारे पोट्टे गाडीवर जातात अन् माझाच सायकलीवर! लोक काय म्हणत असतील? भाऊजी पैसे पाठवतो म्हणतात, तू त्याले एक जुनी गाडी पाहून दे." मी म्हटले, "ताई, अठरा पुरे होऊ दे. लायसन निघाले की मी स्वतः घेऊन देतो." ती म्हणाली, "तुला पोटचा मुलगा असता तर तू असा बोलला नसतास." त्यावर मला उत्तर सुचले नाही. दिवाळीला ती माहेरपणाला आली नाही. भाऊबीजेचे ताट मामीने भरून ठेवले होते, ते तसेच राहिले.

सख्ख्या बहिणीचा रुसवा आणि पोराची रोजची उतरलेली मुद्रा यांच्यापुढे टिकून राहणे ही साधी गोष्ट नव्हे. किल्ली खुंटीवरून काढून मी माझ्या कपाटात ठेवली होती. रोज सकाळी तो सायकल काढी तेव्हा फाटकाची कडी जरूरीपेक्षा जोराने लावी, आणि तो आवाज मला ऐकू यावा अशीच त्याची इच्छा असे.

मार्गशीर्षातली एक संध्याकाळ. कापसाचे दिवस होते. कापूस भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली चाक बसल्यामुळे रस्त्याच्या कडेला उभी होती. कडेला म्हणजे निम्मी रस्त्यावर. मागे दिवा नव्हता, लाल काच नव्हती, दोन दगड ठेवून चालक माणूस बोलावायला गेला होता. क्लास सुटून येणारी तीन मुले एका गाडीवर होती. अंधार पडायला लागला होता आणि समोरून ट्रकचा झोत डोळ्यांवर आला. गाडी ट्रॉलीच्या मागच्या फळीवर गेली.

चालवणारा मुलगा वाचला. पण त्याला दोन महिने नागपूरला ठेवावे लागले. मधला थोडक्यात सुटला. सर्वांत मागे बसलेला, जो केवळ 'चल, सोडतो' म्हटल्यावर बसला होता, तो त्याच रात्री गेला. तिघेही आमच्या भाच्याच्या वर्गातले.

आमचा भाचा त्या रात्री जेवला नाही. गाडीचा विषय त्याने पुन्हा कधी काढला नाही, आणि मीही काढला नाही. माझे म्हणणे खरे ठरले असे म्हणायला माझी जीभ धजली नसती. ते कोणाच्या तरी मुलाच्या जिवावर खरे ठरले होते.

चालवणाऱ्या मुलाच्या वडिलांना भेटायला मी गेलो होतो. सज्जन गृहस्थ, साधी नोकरी, कर्ज काढून घेतलेली गाडी. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "त्यानं मागितली नव्हती जी. दहावीले चांगले मार्क पडले म्हणून मीच घेऊन देली." त्या घरात कोणीही दुष्ट नव्हते. लेकराचे कौतुक करावे एवढीच त्यांची इच्छा होती. ट्रॉलीवालाही दुष्ट नसावा. त्याच्या आजोबाच्या बंडीखाली कंदील होता. नातवाच्या ट्रॉलीमागे चार रुपयांची लाल पट्टी नव्हती, इतकेच. मागून येणारा माणूस मधल्या काळात कोणाच्या तरी मनातून पुसला गेला.

कायद्याला हे सगळे कळत नाही असे समजू नका. मोटारवाहन कायद्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली. तीनुसार अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. 'मला ठाऊक नव्हते' ही सबब आपोआप चालत नाही. ठाऊक होते असे कायदा धरून चालतो, आणि नव्हते हे पालकाने सिद्ध करायचे असते. म्हणजे खुंटी कोणाच्या घरातली आहे, हे कायदाही पाहतो.

पुण्यातली गोष्ट तुम्हांला आठवत असेल. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात एका भरधाव मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना उडवले. दोघेही मध्य प्रदेशातून पोटापाण्यासाठी आलेले. दोघेही त्यात गेले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता असा आरोप झाला. त्याला काही तासांतच जामीन मिळाला, आणि जामिनाच्या अटींत एक अट अशी होती, की त्याने अपघात या विषयावर तीनशे शब्दांचा निबंध लिहावा. त्यावर देशभर संताप उसळला आणि पुढे तो आदेश बदललाही. निबंध लिहिणे हा ज्याचा आयुष्यभराचा छंद, त्या माझ्यासारख्याला त्या अटीने खरोखर शरमिंदे केले. पण पुढे विचार करताना वाटले, निबंधाची कल्पनाच चुकीची होती असे नाही. ती फार उशिरा सुचली आणि भलत्याच माणसाला सांगितली गेली. तीनशे शब्द घरातल्या वडीलधाऱ्यांनी लिहायचे होते, मुलाच्या हाती किल्ली देण्याच्या आदल्या दिवशी. विषय सोपा आहे: 'मी ही किल्ली का देत आहे?' प्रामाणिकपणे लिहायला बसले तर पुष्कळांचा निबंध पहिल्या ओळीतच अडेल. शेजाऱ्याच्या मुलाला आहे म्हणून. तो हट्ट करतो म्हणून. मला सोडायला जाण्याचा कंटाळा येतो म्हणून. यांतले एकही कारण कागदावर शोभत नाही.

त्या मार्गशीर्षातल्या संध्याकाळचे एक सांगायचे राहिले. मुले पडली तेव्हा पुष्कळ गाड्या थांबल्या, पुष्कळांनी मोबाइलवर चित्रे घेतली, आणि 'पोलिसांचे लचांड नको' म्हणून पुष्कळ पुढे गेले. मुलांना उचलले ते एका भाजीवाल्या बाईने आणि पाळी संपवून चाललेल्या दोन कामगारांनी. त्यांनीच १०८ ला फोन केला. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिकेची सेवा २०१४ पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. पोलिसांच्या लचांडाची भीतीही आता जुनी झाली आहे. मदत करणाऱ्याला छळू नये या नियमांना सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी बळ दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते कायद्यातच आले. जखमीला पोचवणाऱ्याने स्वतःचे नावसुद्धा सांगितलेच पाहिजे असे नाही. त्या भाजीवाल्या बाईला यातले एकही कलम ठाऊक नव्हते. तिची टोपली रस्त्यावर सांडली होती आणि तिने मागे वळून पाहिले नव्हते.

भाचा आता पुण्यात नोकरी करतो. अठरा पुरी झाल्यावर तो रीतसर शिकला, लायसन काढले, आणि कबूल केल्याप्रमाणे मी त्याला गाडी घेऊन दिली. हेल्मेट ताईने घेतले. तिचा रुसवा कधी गेला ते मला नेमके सांगता येणार नाही. पुढच्या भाऊबीजेला ती आली, ओवाळले, आणि ओवाळणी घेताना नेहमीपेक्षा थोडी अधिक वेळ माझ्या हाताला धरून उभी राहिली. त्या विषयावर आमचे एवढेच बोलणे झाले.

दिवाळीत आपले रस्ते भरून वाहतात. कोणी माहेरी निघालेले, कोणी खरेदीला, कोणी फराळाचे डबे पोचवायला. धनत्रयोदशीच्या मुहूर्तावर नव्या गाड्या दारात येतील, त्यांना झेंडूचे हार पडतील, चाकाखाली लिंबू चिरडले जाईल. लिंबाने नजर उतरत असेल तर उतरो. चालवणाऱ्याची नजर रस्त्यावर राहील एवढे मात्र लिंबावर सोपवू नये. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर-ट्रॉली आहे त्यांनी पूजेच्या वेळी तिच्या मागच्या फळीवर लाल पट्टी आहे ना, तेवढे पाहावे. आपले माणूस रस्त्यावर आहे हे ठाऊक असताना फोन करायचा मोह आवरावा. ते पोचल्यावर करीलच. आणि खुंटीवरची किल्ली थोडी उंच टांगावी.

आपल्या भाषेत घरातून निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही. तसे म्हटले तर आजी रागावते. तो 'येतो' म्हणतो, आणि आम्हा वऱ्हाडातली माणसे दारात उभी राहून 'हळू जाजो' म्हणतात. त्याने 'येतो' म्हणून शब्द दिला, तर तो त्याला पाळता यावा एवढी सोय घरातल्यांनीही करून द्यायला हवी.